मिठाची गोणी आणि पाऊस पाडणारा मणी

पत्र:

ताई, मी सिंधुदुर्गातल्या एका शाळेत शिकवते. गेली काही वर्षं अद्भुतरम्य कादंबऱ्यांची एक मालिका लिहितेय. पाच भाग ठरलेत. पाच राज्यं, त्यांच्या वंशावळी, तीन हजार वर्षांचा इतिहास, दोन भाषांचे शब्दकोश, जादूचे सोळा पानी नियम, देवतांची यादी आणि नकाशे यांनी चार वह्या भरल्यात. इंग्रजी लेखक टॉल्कीननेही आधी भाषा आणि इतिहास रचला, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. पहिल्या भागाचे दोन लाख दहा हजार शब्द झालेत, तरी तो संपत नाही. दोन मैत्रिणींना वाचायला दिला, दोघींनीही चाळीसेक पानांनंतर सोडला. एका प्रकाशकांनी ‘मराठीत फॅन्टसी चालत नाही’ असं कळवलं. आता स्वतःच काढावं म्हणते. एक कंपनी १ लाख ४० हजारांत सगळं करून देते म्हणतेय. त्यात ५० प्रती मिळतील, पुढच्या प्रतींचा छपाईखर्च वेगळा. पैसे महिनाअखेर भरायचेत. भाऊ म्हणतो, इंग्रजीत लिही, वाचक तिकडे आहेत. काय करू? आणि नकाशा पुस्तकात घालू की नको? सोबत पहिली तीन प्रकरणं आणि मधलं एक पाठवते.
– एक शिक्षिका, सिंधुदुर्ग

उत्तर:

नमस्कार. आधी पैशांचं बोलू, कारण त्याला तारीख आहे. महिनाअखेरीस पैसे भरू नका. कंपनी चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. तुमचा पहिला भाग अजून छापण्याजोगा झालेला नाही, आणि तो होईपर्यंत कुणालाही एक रुपया देण्याचं कारण नाही. पैशांचा हिशेब पुढे मांडते.

आता लेखनाकडे. तुमची चारही प्रकरणं मी दोनदा वाचली. पहिल्या तीन प्रकरणांत अकरा राजे, दोन महायुद्धं, एक शाप आणि पाऊस पाडणारा मेघमणी आहे. भाषा स्वच्छ आहे, कल्पनाही चांगल्या आहेत. पण या साठ पानांत कुणाला भूक लागत नाही, कुणाचे पाय दुखत नाहीत, कुणाचं काही हरवत नाही. मैत्रिणींनी चाळीस पानांनंतर पुस्तक का ठेवलं, त्याचं उत्तर इथे आहे. तोवर त्यांना काळजी करायला एकही माणूस मिळालेला नव्हता.

मग तुमचं ते मधलं प्रकरण. कोंडी नावाची चौदा वर्षांची मुलगी बापाबरोबर चार बैलांवर मीठ लादून घाट चढतेय. खिंडीच्या अलीकडे भुरभुर पाऊस सुरू होतो. बाप बैल आवरण्यात गुंतलेला. कोंडी गोणीच्या बुडाशी हात धरते, टपकणारं पाणी जिभेवर घेते आणि किती खारट लागतंय त्यावरून किती मीठ वाहून गेलं याचा अंदाज बांधते. वर चौकीवरचा शिपाई भिजलेल्या मिठाचीही पुरी जकात मागतो. हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले. तुमचं जग इथे आहे. या चार ओळींतून मला कळलं की या मुलखात समुद्र कुठल्या बाजूला आहे, मीठ कुठून कुठे जातं, राज्याचा हात कुठवर पोचतो आणि गरिबाच्या घरची मुलगी काय शिकून मोठी होते. वंशावळीचं एक पानही लागलं नाही.

तुमच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट सांगते. दुसऱ्या प्रकरणात राजा विजयोत्सवासाठी मेघमणी उंचावतो आणि अवेळी पाऊस पाडतो, प्रजा जल्लोष करते. आणि सव्वाशे पानांनंतर कोंडीचं मीठ पावसात विरघळतं. या दोन पावसांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तो जोडा! राजाचा उत्सव हाच मीठवाल्यांचा सत्यानाश आहे. ज्या मण्याची पूजा अख्खं राज्य करतं, त्याने आपल्या बापाला कर्जात बुडवलं हे कोंडीला कळलं की तुमची कादंबरी उभी राहिली. जादूचे नियम तुम्ही वहीत सोळा पानं लिहिलेत म्हणता. त्यातला एकच नियम मला हवा आहे: या जादूची किंमत कोण मोजतं? ते ठरलं की बाकीचे नियम लिहिता लिहिता सापडतील.

टॉल्कीनचा दाखला तुम्ही अर्धाच घेतलात. त्यांनी भाषा आणि पुराणकथा आधी रचल्या हे खरं. पण वाचकांपुढे १९३७ साली आलं ते ‘द हॉबिट’, म्हणजे घर सोडायला नाखूश असलेल्या एका बुटक्या जीवाच्या प्रवासाची गोष्ट. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं. आणि आयुष्यभर रचलेला तो प्राचीन इतिहास, ‘द सिल्मरिलियन’, पुस्तकरूपाने आला १९७७ साली. टॉल्कीन गेले १९७३ मध्ये. मुलाने कागद लावून तो छापला. म्हणजे इतिहास होता, खोल होता, पण वाचकाला त्याची सावली तेवढी दिसत होती, आणि लोकांना त्या जगाची ओढ लागल्यावरच तो उघड झाला. तुमच्या चार वह्या फुकट गेलेल्या नाहीत. त्या तुमच्याजवळ राहू द्या. त्यातलं काय खरं आणि काय खोटं हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच कोंडीचा चौकीदार इतक्या ठामपणे बोलतो.

संधी मिळाली तर एकदा जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन या. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दानं त्यात कोरली आहेत: गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी), आकड्यांसकट. आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून तो दाखवतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून माल घेऊन चढणाऱ्या माणसाचा संबंध आधी रांजणाशी येत असणार, शिलालेख त्याने वाचला काय किंवा न वाचला काय. तुमच्या पुस्तकातही वाचक रांजणाकडून आत यायला हवा. शिलालेख त्याला वाटेत दिसेल.

तुम्ही बर्फाची शिखरं, पाइनची जंगलं आणि ओकच्या सभागृहांत बसलेले सरदार लिहिलेत, पण तुमच्या हाताला सवय आहे ती लाल मातीची, चिऱ्याच्या भिंतींची आणि जून महिन्याची. बर्फाचं वर्णन पुस्तकी वाटतं, पावसाचं वाटत नाही. कल्पित जग कुठलंही असू शकतं, बर्फाला माझी हरकत नाही. पण सह्याद्रीत जे डोळ्यांदेखत घडतं ते कुठल्याही जादूइतकं अजब आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून तासाभराच्या वाटेवर असलेल्या वाईत त्याचा पाचवा हिस्साही नाही. डोंगराच्या एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला ज्वारी. एकीकडे मीठ आणि मासळी, दुसरीकडे धान्य आणि घोंगड्या. मग मधल्या खिंडी ज्याच्या ताब्यात, तो राजा. तुमची पाच राज्यं का भांडतात याचं कारण तुम्ही शापात शोधलंय, मला ते पर्जन्यछायेत दिसतं. पाऊस पाडणारा मणी अशा मुलखात कुणाच्या हातात असावा, यावर पाच भाग सहज चालतील.

आणि देव! तुमच्या वहीत बारा देवतांची यादी आहे, प्रत्येकीचं शस्त्र, रंग आणि वाहन ठरलेलं. पण तुम्ही तर आरवलीच्या वेतोबाच्या जिल्ह्यात राहता. वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात ही श्रद्धा. या एका चपलेकडे लेखक म्हणून बघा. देव चालतो, म्हणजे तो दमतही असेल. त्याची हद्द आहे, म्हणजे हद्दीबाहेर तो मदतीला येणार नाही. चपला कुणीतरी शिवतं, म्हणजे देवाच्या पायाचं माप ठाऊक असलेलं एक घर गावात आहे. त्या घरातल्या माणसाला देवळात कुठवर जाऊ देतात? एका वस्तूतून धर्म, धंदा आणि अन्याय एकदम उभे राहतात. वेतोबाला जसाच्या तसा उचलून कादंबरीत बसवा असं मी म्हणत नाही, लोकांच्या श्रद्धेचा देव असा उचलूही नये. पण तुमच्या बारा देवतांपैकी एकीला तरी अशी झिजणारी वस्तू द्या.

नावांचं थोडं सविस्तर सांगते, कारण मराठीत कल्पित जग रचणारे इथे हमखास अडखळतात. तुमच्या राजघराण्यात आर्कथॉन, झेफिरिया आणि एल्ड्रॅक्स आहेत, मीठवाल्यांत कोंडी आणि भिवा. एकाच राज्यातली ही माणसं वाटत नाहीत. शिवाय मराठी वाक्यात नाव नुसतं येत नाही, त्याला विभक्ती लागते. ‘कोंडीने’, ‘भिवाला’ सहज येतं. ‘एल्ड्रॅक्सच्या’पाशी जीभ अडते, आणि पाच भागांत ते हजारदा यायचंय. प्रत्येक नावाला ने, ला, चा, त लावून मोठ्याने म्हणून बघा. गावांचीही तीच परीक्षा. आपल्याकडे ‘पुणे’चं ‘पुण्यात’ आणि ‘ठाणे’चं ‘ठाण्यात’ होतं. तुमच्या कल्पित गावाचं सामान्यरूप काय होतं ते एकदा ठरवा आणि वहीत लिहा. तसंच लिंग. तुमचा ‘वृकांग’ हा प्राणी पान १२ वर ‘तो’ आहे आणि पान ४७ वर ‘ते’. वाचकाला तिथे बारीकसा खडा लागतो, आणि असे खडे साठत जातात.

भावाला माझं उत्तर इथेच देते. तुमच्या चौकीदाराचं बघा. कोंडीच्या बापाला तो आधी ‘काय रे’ म्हणतो, बापाने ओळखीचं एक नाव घेताच ‘बसा की’ म्हणतो आणि जकात घेऊन झाल्यावर पुन्हा ‘चल, निघ’. सगळी सत्ता त्या तीन बोलांत आहे. कोण कुणाला अरे-तुरे करतं, राणी दासीला कोणत्या नावाने हाक मारते, सून सासऱ्यासमोर नवऱ्याचा उल्लेख कसा करते, हे मराठीत हाकेतून आणि क्रियापदातूनच कळतं. ज्या भाषेत तुमचे कान इतके तयार आहेत, ती सोडून का जायचं? इंग्रजीत वाचक जास्त आहेत हे खरं, तिथे लिहिणारेही त्याच पटीत आहेत. मराठीत लिहा.

लांबीचं. दोन लाख दहा हजार शब्द म्हणजे डेमी आकारात (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) साडेसातशेच्या आसपास पानं. नव्या लेखिकेचं एवढं जाड पुस्तक विकत घ्यायला वाचक धजावत नाही आणि छपाईही परवडत नाही. ऐंशी हजार शब्दांवर या, तीनशे पानांच्या आत. छापखान्यात १६ पानांचा फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेला कागद) असतो, तेव्हा २८८ पानं बसली तर उत्तम. पण नुसतं मोजून कापू नका. कोंडीला पहिल्या भागात एक प्रश्न पडू द्या (हा पाऊस पाडतंय कोण?) आणि त्याच भागात त्याचं उत्तर मिळू द्या. मोठा झगडा पुढे चालू राहील, पण तीनशे रुपये मोजलेल्या माणसाला हातातली गोष्ट पुरी झाल्याचं समाधान मिळालंच पाहिजे. त्याला अर्ध्यावर टांगून ‘क्रमशः’ म्हणाल तर पुढच्या वेळी तो पाच भाग पूर्ण होईपर्यंत थांबेन म्हणेल, आणि सगळेच थांबले तर दुसरा भाग निघायचाच नाही.

म्हणून दुसऱ्या भागाचा कच्चा खर्डा हातात आल्याशिवाय पहिला छापू नका. दुसरा लिहिताना तुम्हाला पहिल्यात एखादा भाऊ, एखादी विहीर, एखादं वचन पेरायची गरज भासेल. पुस्तक छापून गेल्यावर ते जमत नाही. सोबत एक नोंदवही ठेवा. त्यात वंशावळी नकोत, छापल्या गेलेल्या गोष्टीच हव्यात: कोंडीचं वय, डाव्या बैलाचं नाव, खिंड चढायला किती प्रहर लागतात, किती मणांची एक खंडी, मेघमणी एकदा वापरल्यावर किती दिवस थंड राहतो. वाचक हे लक्षात ठेवतात. तुम्ही विसरलात की त्यांना ते लागतं.

आता हिशेब. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये. विक्रेते आणि वितरक मिळून ४०-५० टक्के सूट मागतात. ४५ धरा, तुमच्या हाती १६५ राहिले. एका प्रतीच्या छपाईला ११० लागले तर उरले ५५. कंपनीचे १ लाख ४० हजार भरून काढायला अडीच हजारांहून जास्त प्रती विकाव्या लागतील, आणि मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा हजाराची किंवा त्याहून कमी असते. या पॅकेजमध्ये आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले असतील तर विचारा कशाचे, कारण तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावावर ऑनलाइन अर्ज करता येतो. छापील पुस्तकाला एक क्रमांक, ई-पुस्तकाला दुसरा. कॉपीराइटही विकत घ्यायची वस्तू नव्हे. १९५७च्या कायद्यानुसार तो लिहिल्या क्षणापासून तुमचा आहे, नोंदणी ऐच्छिक आहे. करारात मात्र पुढच्या भागांचे, अनुवादाचे किंवा पडद्यावरचे हक्क कंपनीकडे जातात का, आणि मांडणीच्या अंतिम फाइल तुम्हाला मिळतात का, हे ओळ न् ओळ वाचा.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी संपादकावर, मग मुद्रितशोधनावर, मग मुखपृष्ठावर. चित्रकाराला पाचही भागांची कल्पना सुरुवातीलाच द्या, म्हणजे कपाटात पुस्तकांचे कणे एका घराण्याचे दिसतील. तुम्ही युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) टाइप केलंय ते उत्तम. पण काही छापखाने मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि त्यात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य मोडतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मुद्रितशोधन या बदलानंतरच्या पानांवर करून घ्या. शोधकाला तुमच्या कल्पित शब्दांची यादी द्या, नाहीतर तो बिचारा इमानदारीने तुमचा ‘वृकांग’ दुरुस्त करून टाकेल. युनिकोडमध्येच छापणारा मिळाला तर शोभिका किंवा मुक्त हे मोफत फॉन्ट छपाईला चांगले आहेत. आणि प्रकाशक म्हणून तुमचंच नाव असेल, तर १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना ३० दिवसांत प्रत पाठवायची असते. स्वतः काढणारे बरेच जण हे विसरतात.

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी पुस्तक काढता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, एरवी ३५. त्या योजनेत ९० दिवस ई-रूपातला मजकूर दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही आणि मुदत आपोआप वाढते. कुठल्या ॲपवर काही प्रकरणं टाकली असतील तर आधी काढा.

‘मराठीत फॅन्टसी चालत नाही’ हे मला मान्य नाही. ज्या वाचकांचं बालपण ‘चांदोबा’ मासिकातल्या वेताळावर गेलं त्यांना अद्भुताचं वावडं कसं असेल? पण त्यांना तुमची ओळख व्हायला हवी, आणि त्यासाठी आपल्याकडे दिवाळी अंक आहेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने हा पायंडा पाडला, तो अजून चालू आहे. कोंडीच्या खिंडीचं प्रकरण सुटी कथा म्हणून नीट बांधा, चार-साडेचार हजार शब्दांत, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत संपादकांकडे पाठवा. अंक गावोगावच्या ग्रंथालयांत जातात, आणि पुढे तुमचं पुस्तकही त्यांनीच घ्यावं अशी तुमची इच्छा असणार. इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार अमीश त्रिपाठी यांनी प्रकाशकांच्या नकारानंतर २०१० साली एजंटच्या मदतीने पहिली कादंबरी काढली, तेव्हा पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं होतं. तुमचं आत्ताचं पहिलं प्रकरण वाटलंत तर त्याने गिऱ्हाईक येणार नाही. खिंडीचं वाटलंत तर येईल. म्हणून तेच पहिलं प्रकरण करा.

नकाशा जरूर घाला. एकच, काळ्या-पांढऱ्यात, आणि या भागात कोंडी जिथे जाते तेवढ्याच मुलखाचा. बाकीची राज्यं त्या त्या भागात येतील. नावं हाताने लिहिलेली असली तरी डेमी पानावर लहान झाल्यावर वाचता येतात का, ते आधी छापून बघा. आणि समोरासमोरच्या दोन पानांवर तो पसरवू नका. गमाने चिकटवलेल्या बांधणीत मधला भाग पाठीत जातो, आणि तुमची खिंड नेमकी नकाशाच्या मध्यावर आहे.